टेस्ट बटन दाबल्यावर लागतो, पण एक्झिट बोर्ड दीड तास टिकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मानेवाडा रोडवर दोन मजली अभ्यासिका, वर तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या राहायच्या खोल्या. दारांवर आणि जिन्यात मिळून चौदा हिरवे एक्झिट बोर्ड, प्रत्येकात बॅटरी आणि बाजूला टेस्ट बटन. चौकीदार महिन्यातून एकदा सगळी बटनं दाबतो आणि सगळे बोर्ड लागतात. मागच्या वादळात रात्री लाइन गेली, थोड्या वेळानं इन्व्हर्टरही बसला आणि पंधरा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे सगळे बोर्ड विझले, खालचेही दोन-तीन गेले. लावून देणारा म्हणतो, "बटन दाबलं का लागून राहिला ना भाऊ, मग बॅटरी चांगलीच आहे." आता सगळे बोर्ड बदलायचे का, आणि तपासायचं तरी कसं? आणि मोठा इन्व्हर्टर घेतला तर बोर्डात बॅटरी हवीच कशाला?

सगळे बोर्ड काढून फेकू नका. पण लावून देणाऱ्याचं म्हणणंही मान्य करू नका. बटन दाबल्यावर दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की लाइनवरून बॅटरीवर जाणारं सर्किट चालतं आणि बॅटरीत त्या क्षणापुरता जीव आहे. हॉर्न वाजला म्हणून गाडी सेल्फ मारेलच असं नाही, तसंच हे. किती वेळ टिकेल हे त्या बटनाला ठाऊकच नसतं. ते घड्याळ लावूनच कळतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी कधी लावलेलंच नसतं.

बटनाच्या मागे काय चालतं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बोर्डात २३० व्होल्टची लाइन येते. आतला छोटा पॉवर सप्लाय ती उतरवून दोन कामं करतो, बॅटरी चार्ज करतो आणि एलईडीची पट्टी लावतो. त्याच सप्लायवर एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा ट्रान्झिस्टर 'लाइन आहे' म्हणून दबून बसलेला असतो. लाइन गेली की तो सुटतो आणि एलईडी बॅटरीवर जाते. टेस्ट बटन फक्त मधला धागा तोडतं, म्हणजे सर्किटला खोटंच वाटतं की लाइन गेली. बोट उचललं की लाइन परत आली असं समजून सगळं पूर्ववत.

आता गंमत अशी, की चार्जिंगवर असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज नेहमी चढलेलं दिसतं. ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम पॅक चार्जिंगवर ४.२ च्या आसपास दाखवतो, ६ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी ६.८ च्या पुढे. म्हातारी झालेली, निम्म्याहून जास्त क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा हा वरवरचा चढ घेऊन पहिली मिनिट-दोन मिनिटं झकास दिवा लावते. आणि चौकीदार बटन किती वेळ दाबतो? बोर्ड दाराच्या वर, हात पोचत नाही, म्हणून झाडूच्या दांड्यानं टोचतो. एक सेकंद. तेवढ्यात मेलेल्या बॅटरीचंही नाटक खपून जातं.

एवढ्यावरून बटन निरुपयोगी आहे असं समजू नका. रिले अडकला, एलईडी जळाली, बॅटरीचा कनेक्टर निघाला, फ्यूज उडाला हे सगळं बटनानं एका क्षणात कळतं. महिन्याची तपासणी त्यासाठीच असते. अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या संहितेत महिन्याला किमान ३० सेकंद आणि वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटं अशी दुहेरी चाचणी सांगितली आहे. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये आणीबाणीचा उजेड अगदी लहान जागेतही किमान ९० मिनिटं टिकला पाहिजे, असं आहे. म्हणजे तुमचे बोर्ड पंधरा मिनिटांत विझले, तर ते अपेक्षित वेळेच्या सहाव्या हिश्श्यात संपले. 'थोडा कमी बॅकअप' म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

काही लोक विचारतात, दोन मजले उतरायला तीन मिनिटं लागतात, मग दीड तास कशाला? कारण दिवा फक्त पळणाऱ्यासाठी नसतो. झोपलेला मुलगा उशिरा उठतो, कोणी वॉशरूममध्ये असतो, कोणी धुरात वाट चुकून परत फिरतो आणि मग अग्निशमनचे जवान आत शिरून एकेक खोली पाहतात. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. त्यातली बहुतेक धुरानं गुदमरली. वीज गेलेली, आणीबाणीचा उजेड नाही, बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या. आगीच्या ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या.

आता चाचणी कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरं काम इथेच आहे.

आधी चौदाही बोर्डांना क्रमांक द्या. मार्करनं बोर्डाच्या खालच्या कडेवर लिहा, भिंतीवर नको, बोर्ड बदलला तरी क्रमांक भिंतीवरच राहतो आणि नोंदी चुकतात. एका कागदावर मजल्यानुसार यादी करा. चाचणीच्या आधी सलग २४ तास लाइन चालू असली पाहिजे, नाहीतर अर्धवट चार्ज बॅटरीला तुम्ही नापास कराल. मग डीबीमध्ये (वीज वाटणाऱ्या पेटीत) ज्या एमसीबीवर (सर्किट तोडणाऱ्या छोट्या स्विचवर) हे बोर्ड आहेत तो पाडा. मुख्य स्विच पाडू नका. पोरांचे एसी, कॉम्प्युटर, पाण्याचा पंप सगळं बंद करून आरडाओरडा ओढवून घेण्यात अर्थ नाही.

एमसीबी पाडल्या पाडल्या पहिली फेरी मारा आणि बोर्ड लागला की नाही एवढंच पाहू नका, चार्जिंगचा छोटा दिवा विझला का तेही पाहा. तो विझायलाच हवा. एखाद्या बोर्डावर तो अजून चालू असेल, तर त्या बोर्डाला लाइन दुसरीकडून येते आहे. आपल्याकडे निम्म्या इमारतींत हे सापडतं. इलेक्ट्रिशियननं जवळच्या इन्व्हर्टरच्या पॉइंटमधून तार ओढलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. असा बोर्ड तुमच्या चाचणीत तीन तास चालेल आणि तुम्ही त्याला पहिला नंबर द्याल! प्रत्यक्षात त्याच्या बॅटरीची परीक्षा झालेलीच नसते.

त्यानंतर दहा, तीस, साठ आणि नव्वद मिनिटांनी फेरी. कोणता बोर्ड कधी विझला, कधी मंद झाला ते लिहा. मंद झालेला बोर्ड 'चालू' धरू नका. दहा पावलांवरून बाण कुठल्या बाजूला आहे हे वाचता येत नसेल, तर तो विझलाच. चाचणी शक्यतो रात्री करा. दिवसा खिडकीतून उजेड येतो आणि मंद बोर्डही बरा वाटतो.

एक काळजी मात्र घ्या. पूर्ण चाचणी झालेला बोर्ड पुढचे २४ तास रिकाम्या हाताचा असतो. त्या रात्री खरोखर काही झालं तर तो उपयोगाचा नाही. म्हणून बोर्ड वेगवेगळ्या एमसीबींवर असतील तर एका दिवशी निम्मेच घ्या आणि उरलेले दोन दिवसांनी. दिवसही पाहून निवडा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको. पोळा, तान्हा पोळा, दिवाळी, या दिवसांत पोरं गावाला गेलेली असतात, अभ्यासिका अर्धी रिकामी असते, तेव्हा करा. मंगल कार्यालयवाल्यांना मी चातुर्मासात करायला सांगतो, आणि धंतोलीतल्या दवाखान्यांना मजला-मजला वाटून, कारण त्यांच्याकडे रिकामा दिवस नावाची गोष्टच नसते.

आलेले आकडे कसे वाचायचे? सगळे बोर्ड साधारण एकाच वेळेला, समजा चाळीस-पन्नास मिनिटांनी विझले, तर बॅटरी खराब नसून मुळातच लहान आहे किंवा सगळ्यांचं वय एकदम झालं. विखुरलेले दोन-तीन लवकर गेले तर त्या बोर्डांतला एखादा सेल मेला किंवा कनेक्टर सैल. आणि वरच्या मजल्यावरचे सगळे आधी गेले, खालचे टिकले, तर कारण उष्णता आहे. तुमचं तेच दिसतं.

नागपूरच्या उन्हाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. पण बॅटरीला हवेचं तापमान लागत नाही, तिला पेटीच्या आतलं तापमान लागतं. तिसरा मजला, वर उघडा स्लॅब, दिवसभर तापलेला. त्याखाली फॉल्स सीलिंग, त्यात कोंडलेली हवा, त्याला टेकून बोर्ड, बोर्डाच्या बंद प्लॅस्टिक पेटीत चोवीस तास चालू पॉवर सप्लाय, आणि त्या सप्लायला चिकटून बॅटरी. संध्याकाळी सात वाजता हात लावून पाहा, बोर्डाची पाठ कोमट लागते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा ढोबळ हिशेब असा, की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. डब्यावर चार वर्षं लिहिलेली बॅटरी आपल्या वरच्या मजल्यावर दोन उन्हाळे कशीबशी काढते. निकेल-कॅडमियम जरा काटक, पण साधे सेल नकोत, जास्त तापमानासाठी बनवलेले वेगळे येतात, तेच घ्या. साधा लिथियम-आयन सेल सतत पूर्ण चार्जवर आणि तापात ठेवला की फुगतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट त्यापेक्षा बराच सोसणारा आहे.

म्हणून वरच्या मजल्यावर शक्य असेल तिथे बोर्ड फॉल्स सीलिंगपासून हातभर खाली, भिंतीवर घ्या. त्यात दुसराही फायदा आहे. धूर आधी छताला साठतो आणि थर खाली उतरत येतो. छताला चिकटलेला बोर्ड सगळ्यात आधी झाकला जातो.

दुसरा खुनी म्हणजे स्विच. एक्झिट बोर्डाची लाइन कधीही जिन्याच्या किंवा व्हरांड्याच्या स्विचवर घ्यायची नसते. पण घेतलेली असते. मग चौकीदार रात्री अकराला 'लाइट बंद करा' म्हणून सगळे स्विच खाली करतो. बोर्डाला वाटतं लाइन गेली, तो बॅटरीवर जातो, तासा-दोन तासांत बॅटरी तळाला पोचते. सकाळी स्विच वर. रोज. आणीबाणीची बॅटरी क्वचित वापरासाठी असते, रोज पूर्ण रिकामी करण्यासाठी नाही. स्वस्त बोर्डांत तर तळ गाठल्यावर तोडणारं सर्किटही नसतं. लेड-अ‍ॅसिड ६ व्होल्टची बॅटरी साधारण ५.२५ च्या खाली जाऊ द्यायची नाही, पण हे बोर्ड तिला शेवटच्या थेंबापर्यंत पिळतात. काही महिन्यांत ती संपते, आणि मग लोक म्हणतात मालच खराब.

बिल वाचवायला बंद करतो असं कोणी म्हणालं तर हिशेब सांगा. ३ वॉटचा बोर्ड वर्षभर अखंड चालला तर २६ युनिटं जळतात. युनिटमागे दहा रुपये धरले तरी वर्षाला २६० रुपये. बॅटरी त्याहून महाग पडते.

तुमच्याकडे हे आहे का ते पाहायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. रात्री अकरा वाजता, चौकीदारानं स्विच बंद केल्यावर, जिन्यात उभे राहा आणि चार्जिंगचे दिवे पाहा. विझले की समजलं.

तिसरी गोष्ट बोर्ड घेतानाच पाहायची, आणि ती कोणी पाहत नाही. पाठीमागच्या लेबलवर बॅटरीचे व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करून हजारानं भागलं की वॉट-तास मिळतात. ३.६ व्होल्ट, ९०० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.२४ वॉट-तास. एलईडी बॅटरीवर २ वॉट घेत असेल तर दीड तासाला ३ वॉट-तास लागतात. सर्किट स्वतः थोडं खातं ते वेगळं, म्हणजे साडेतीनच्या पुढेच. मग हा बोर्ड कोरा करकरीत असतानाही काठावर नापास होणार, दुसऱ्या वर्षीचं तर विचारूच नका. तोच बोर्ड १५०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकवर असेल तर ५.४ वॉट-तास मिळतात आणि म्हातारपणासाठी शिल्लक राहते. काही चांगले बोर्ड बॅटरीवर गेल्यावर एलईडीचा उजेड मुद्दाम कमी करतात, त्यांना लहान बॅटरी पुरते. दुकानात 'दोन घंटे बॅकअप' असं तोंडी सांगितलं तर लेबल मागा, गुणाकार तिथेच करा.

आता तिसऱ्या मजल्यावरचा एक बोर्ड उघडा. एमसीबी पाडूनच, आणि टेस्टर लावून लाइन नाही याची खात्री करून. पुढची काच किंवा अ‍ॅक्रिलिक पट्टी सरकवली की आत हिरवी किंवा तपकिरी पीसीबी (सर्किटची पट्टी) दिसेल, आणि उष्णतेनं आकसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पॅक, त्याला लाल-काळी वायर आणि छोटा पांढरा कनेक्टर. पहिल्यांदा तो कनेक्टर बघा. नवे बोर्ड येतात तेव्हा वाहतुकीत बॅटरी उतरू नये म्हणून कनेक्टर मुद्दाम सोडलेला असतो, किंवा आत एक छोटा स्विच बंद ठेवलेला असतो. घाईत बोर्ड टांगणारा तो जोडायचा विसरतो, लाइनवर दिवा लागतो म्हणून सगळे खूश. असे बोर्ड मी मोठमोठ्या शोरूममध्ये पाहिले आहेत, वर्षानुवर्षं बॅटरी न लावलेले. तुमचे बोर्ड लागतात, म्हणजे जोडलेले आहेत. पण सैल आहे का पाहा. मग पॅकच्या टोकांना पांढरी-हिरवट पावडर जमली आहे का, प्लॅस्टिक फुगलं आहे का, पॅकवर कुठली तारीख छापली आहे का.

मल्टीमीटर असेल तर नुसतं व्होल्टेज मोजून काही कळत नाही, ते वर सांगितलं. एमसीबी पाडलेला असताना, बोर्ड बॅटरीवर जळत असताना मोजा, आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. ३.६ व्होल्टचा चांगला पॅक तोवर ३.६ च्या आसपास ठाण मांडून असतो. ३ च्या दिशेनं घसरत असेल तर त्याची वेळ झाली.

पॅक बदलताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. त्याच जातीचा पॅक घाला. निकेल-कॅडमियमच्या चार्जरवर लिथियमचा सेल बसवणारे महाभाग आपल्याकडे आहेत. व्होल्टेज जवळपास तेच, आकारही बसतो, स्वस्तही मिळतो. पण निकेल-कॅडमियमचा चार्जर पूर्ण चार्ज झाल्यावरही बारीक करंट सोडत राहतो, त्याला थांबणं माहीत नाही. लिथियम सेलला ते सोसत नाही, तो तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. बाहेर पडायची वाट दाखवणाऱ्या बोर्डानंच आग लावली तर काय सांगणार? कोणत्या जातीचा पॅक आहे ते त्याच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं. पुसट झालं असेल तर तसाच पॅक नमुना म्हणून दुकानात घेऊन जा. नव्या पॅकवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. जुने पॅक कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

इन्व्हर्टरबद्दल थोडं, कारण तुम्ही शेवटी विचारलं आहे की मोठा इन्व्हर्टर घेतला तर बोर्डातल्या बॅटऱ्या हव्यातच कशाला. हव्यात. तुमचा इन्व्हर्टर बहुतेक जिन्याखाली असेल, सगळ्यांचा तिथेच असतो, चपलांच्या रॅकशेजारी. आग जिन्यात किंवा डीबीत लागली, जी शक्यता मोठी आहे, तर वरच्या मजल्याला जाणारी तार आधी जळते आणि इन्व्हर्टर कितीही मोठा असला तरी वर अंधार. बोर्डातली बॅटरी बोर्डाबरोबरच असते, तिला कुठलीच तार लागत नाही. तिचं मोल त्यातच आहे. बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवलात तर आणखी एक घोटाळा होतो. एरवी लाइन गेली तरी बॅटरी कधी वापरलीच जात नाही आणि तिचं खरं रूप कधी दिसत नाही. दिसलं तुम्हाला, इन्व्हर्टर बसला तेव्हा. मी बोर्ड सरळ लाइनवर, त्याच मजल्याच्या लाइटिंगच्या सर्किटवर आणि स्विचच्या आधी घेतो. त्यामुळे त्या मजल्याचा एमसीबी पडून अंधार झाला तरी तिथलेच बोर्ड बॅटरीवर जातात. नेहमी विझलेले असणारे, लाइन गेल्यावरच लागणारे आणीबाणीचे दिवे असतील तर ही जोडणी आणखी महत्त्वाची. ते इन्व्हर्टरवर असले तर व्हरांड्यात काळोख असूनही त्यांना पत्ता लागत नाही. चोवीस तास जळणारे एक्झिट बोर्ड निदान जळत तरी राहतात.

काही जण आता आपोआप चाचणी करणारे बोर्ड विकतात. ठराविक दिवसांनी स्वतः बॅटरीवर जातात, वेळ मोजतात, नापास झाले तर लाल दिवा दाखवतात. चांगल्या कंपनीचे असतील तर पैसे वसूल. पण लाल-हिरव्यावर डोळे मिटून विसंबू नका. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आपोआप चाचणीचे बोर्ड असले तरी वर्षातून एकदा एमसीबी पाडून घड्याळ लावाच.

अग्निशमनच्या कागदांबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. एजन्सीचा माणूस येतो, बटन दाबतो, बरोबरची खूण करतो, जातो. तुम्ही त्याला तुमचा कागद दाखवा, क्रमांक आणि मिनिटं लिहिलेला, आणि म्हणा की सही करायच्या आधी यातले दोन बोर्ड तुमच्या डोळ्यांसमोर चालवून बघा. जो तयार होईल त्याच्याकडेच पुढच्या वर्षीही काम द्या.

बॅटरी सोडून एक गोष्ट, जी अभ्यासिकांत हमखास चुकते. बोर्ड लावणारा उभा राहून बघतो. पोरं बसलेली असतात, आणि तुमच्याकडे प्रत्येक टेबलाला छातीएवढं पार्टिशन असणार. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वतः बसा आणि बोर्ड दिसतो का पाहा. पंख्याची पाती, एसीचं तोंड, सूचनांचे फ्लेक्स, मागच्या बॅचच्या टॉपरचं अभिनंदनाचं बॅनर, काहीतरी आड येतंच. आकाराचा ढोबळ नियम असा, की आतून उजळलेल्या बोर्डाच्या चिन्हाची उंची गुणिले २००, एवढ्या अंतरावरून ते ओळखू येतं. १५ सेंटीमीटर उंचीचं चिन्ह ३० मीटरवरून. तुमच्या हॉलला एवढं पुरेसं आहे, फक्त आडवं काही नको.

आणि बाण. बाण ज्या दाराकडे जातो ते दार रात्री उघडतं का? मागच्या जिन्याच्या शटरला 'चोऱ्या होतात' म्हणून कुलूप, आणि किल्ली खाली चौकीदाराकडे. तिसऱ्या मजल्यावर पोरं झोपतात तिथे हे चालणार नाही. आतून ढकललं की उघडणारी पट्टी असलेलं दार मिळतं, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. सहा महिने खर्च पुढे ढकलायचाच असेल तर बोर्ड पुढे ढकला, हे दार आधी करा.

सगळे बदलायचे का या तुमच्या प्रश्नावर माझं मत असं आहे. या आठवड्यात रात्री अकराला चार्जिंगचे दिवे पाहा, मग एका सुट्टीच्या दिवशी अर्ध्या बोर्डांची नव्वद मिनिटांची चाचणी, दोन दिवसांनी उरलेल्यांची. स्विचची भानगड निघाली तर आधी ती सोडवा, नाहीतर नवे पॅकही तसेच मरतील. तिसऱ्या मजल्याचे पॅक बहुधा बदलावेच लागतील, आणि बोर्ड छतापासून खाली घ्यावे लागतील. खालचे जे साठ मिनिटांच्या पुढे टिकतात पण नव्वद गाठत नाहीत, त्यांचं लेबल बघून ठरवा. बॅटरी मुळात लहान असेल तर नुसता तेवढाच नवा पॅक घालून उपयोग नाही. पीसीबी जळकट, काळी पडलेली दिसली किंवा लाइनवर चार्जिंगचा दिवाच लागत नसेल तरच अख्खा बोर्ड बदला. वादळात न्यूट्रल सुटून व्होल्टेज चढलं असेल तर दोन-चार चार्जर उडालेले असू शकतात, तेही याच फेरीत कळेल. मिनिटांचा कागद तयार झाला की बोर्डाच्या लेबलचा फोटो आणि आकडे पाठवा, कुठल्या बोर्डाला कोणता पॅक घालायचा ते सांगतो.